ट्रेलरमधल्या फ्रिजखालचं पाणी: माझा अनुभव

आम्ही ह्यूस्टनला राहतो. आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. शनिवार-रविवार मोकळा मिळाला की तो गाडीला जोडायचा आणि गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकायचा, हा आमच्या घरचा आवडता कार्यक्रम. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मुक्कामात फ्रिजखालून पाणी यायला लागलं. ते थांबवेपर्यंत काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा वेळी बरेच जण धास्तावून चांगला चालता फ्रिज काढून टाकतात.

पाणी आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि तिथूनच हाक मारली, "अगं, इथे पाय ओला होतोय बघ. फ्रिजखालून येतंय वाटतं." पाऊस तर पडला नव्हता, म्हणजे छत गळत नव्हतं. मग पाण्याचा पंप बंद केला, बाहेरून जोडलेला पाण्याचा पाइपही काढला आणि फरशी कोरडी पुसली. संध्याकाळपर्यंत त्याच जागी पुन्हा ओल. आमच्या फ्रिजला बर्फाचं मशीन नाही, त्यामुळे त्याला पाण्याची लाइनही नाही. तेव्हा हे पाणी फ्रिजच्या आतच तयार होत होतं, एवढं नक्की झालं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने ट्रेलर न बघताच सांगितलं की कूलिंग युनिट (फ्रिजचा गारवा तयार करणारा भाग) गेलं, फ्रिज बदला. हे काही पटेना. या फ्रिजची रचना घरातल्या फ्रिजपेक्षा वेगळी असते. त्यात कॉम्प्रेसर नसतो. प्रोपेनच्या छोट्या ज्योतीने किंवा विजेच्या हीटरने अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवतात आणि त्या उष्णतेवरच आतला गारवा तयार होतो. 1922 मध्ये स्वीडनच्या फोन प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन तरुण विद्यार्थ्यांनी शोधलेली ही पद्धत. हे सगळं मिश्रण वेल्डिंग करून बंद केलेल्या नळ्यांमध्ये असतं. त्या नळ्या फुटल्या तर अमोनियाचा उग्र वास येतो, मागच्या बाजूला पिवळी पूड साचते आणि फ्रिज गार होणंच थांबतं. आमच्या फ्रिजमध्ये दूध गार होतं, वास नव्हता, पिवळं काही दिसत नव्हतं. मग युनिट गेलं कसं म्हणायचं?

पाणी येतं ते हवेतून. फ्रिजच्या आत मागच्या भिंतीला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, त्या पट्ट्यांवर तिचं दव धरतं, कधी बर्फ होतो. हे पाणी पट्ट्यांखालच्या प्लास्टिकच्या लहानशा पन्हळीत पडतं, पन्हळीतून एका नळीवाटे भिंतीपलीकडे जातं आणि ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवरच्या जाळीमागे वाटीत पडून सुकतं किंवा खाली गळून जातं. गॅल्व्हेस्टनची उन्हाळ्यातली हवा म्हणजे कोकणातल्या श्रावणासारखी, काडेपेटीसुद्धा सर्दावेल अशी. त्यामुळे तिथे पाणी जास्त जमणारच. ते जमतं याची काळजी नव्हती. बाहेर जायचं सोडून आत का येतंय, हे शोधायचं होतं.

त्यासाठी मी खायचा केशरी रंग वापरला, शिऱ्यात घालतो तोच. फ्रिज बंद केला, प्रोपेनच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मागचा भाग पूर्ण गार होऊ दिला. बर्नरजवळची नळी चांगलीच भाजते, इथे घाई करू नये. नवऱ्याने बाहेरची खालची जाळी काढली आणि बॅटरी घेऊन बसला. मी आतून औषधाच्या सिरिंजने रंगीत पाणी थोडं थोडं पन्हळीत सोडत होते.

"आलं का रे?"

"थेंबसुद्धा नाही."

पन्हळ भरली, पाणी काठावरून ओसंडलं आणि जरा वेळाने फ्रिजच्या पायथ्याशी केशरी ओघळ दिसला. वाट सापडली.

नळी तोंडाशीच तुंबली होती. कोथिंबिरीच्या काड्या, बाटलीच्या लेबलचा लगदा आणि काळपट चिकट शेवाळ. सिरिंजने कोमट पाणी जोरात मारलं, मग पातळ लवचीक ब्रश फिरवला. तार किंवा सुरी मुद्दाम वापरली नाही. पट्ट्यांवरचा बर्फही कधी टोकदार वस्तूने खरवडू नये. मागच्या अमोनियाच्या नळीला भोक पडलं तर फ्रिज खरोखरच संपला. गरम पाण्याचं भांडं आत ठेवून दार लावायचं, बर्फ आपोआप सुटतो.

बोळा निघाला, तरी बाहेर येणारी धार बारीकच होती. बॅटरीच्या उजेडात कारण दिसलं: जुनी नळी उन्हाने कडक होऊन चिरली होती आणि निम्मं पाणी त्या चिरेतून फ्रिजच्या मागे उतरत होतं. हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्याच जाडीची पारदर्शक नळी आणली, क्लिपने घट्ट बसवली आणि तिला शेवटपर्यंत उतार राहील, कुठे झोळ पडणार नाही हे पाहिलं. खालच्या टोकाचं बारीक भोकाचं बूच परत लावलं. ते बूच नसेल तर बाहेरची गरम हवा नळीतून उलटी फ्रिजमध्ये चढते आणि पाणी आणखी वाढतं. पुन्हा केशरी पाणी सोडलं. या वेळी सगळं वाटीत!

ट्रेलर कलता उभा असेल तर पन्हळही कलते आणि पाणी नळीच्या तोंडाकडे जातच नाही. शिवाय असे फ्रिज बाजूने 3 आणि पुढे-मागे 6 अंशांपेक्षा जास्त कललेले चालवू नयेत, नाहीतर कूलिंग युनिटच खराब होतं. म्हणून आता ट्रेलर लावला की फ्रिजच्या आत पाणसळ ठेवून बघायचं, हे काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.

सगळ्यात जास्त जीव फरशीसाठी तुटला. फ्रिजपुढची पट्टी काढली तेव्हा जमिनीवरच्या व्हिनाइलच्या आच्छादनाखालचा प्लाय फुगून भुसभुशीत झालेला दिसला. टोचा टेकवला की आत जात होता. हे पाणी नुसतं आम्हाला दिसलं तेव्हापासूनचं नव्हतं. तेवढा तुकडा कापून काढला, खाली पंखा आणि डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र) लावून लाकूड खडखडीत होईपर्यंत थांबलो आणि मगच नवा प्लाय बसवला. ओल्या लाकडावर नवं व्हिनाइल चढवलं असतं तर आतल्या आत सगळं कुजलं असतं. जुना ट्रेलर विकत घेताना फ्रिजसमोरची जमीन पायाच्या अंगठ्याने दाबून बघा, हे मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगते.

राहिलं ते दाराचं रबर. डॉलरची नोट दारात धरून दार लावलं, तर बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात ती अलगद ओढली जाते. म्हणजे तिथून दमट हवा आत शिरतेच आहे. हेअर ड्रायरने रबर गरम करून बोटांनी फुगवलं, त्याने बराच फरक पडला. पट्ट्यांवर बर्फ कमी धरावा म्हणून थर्मिस्टरची (पट्ट्यांवरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) क्लिपही थोडी खाली सरकवली. आतलं तापमान 40 फॅरनहाइटच्या आतच राहतं आहे. पण तो कोपरा अजून पुरता बसत नाही, म्हणून नवं रबर मागवलं आहे.