गोथेनबर्गचे पाच रुग्ण

मोठ्या माणसाच्या मेंदूतही नवे न्यूरॉन, म्हणजे निरोप वाहणाऱ्या चेतापेशी, तयार होतात, हे ज्यांच्यामुळे पहिल्यांदा दिसलं ते पाचही जण कॅन्सरचे रुग्ण होते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला त्यांच्यावर जिभेच्या, घशाच्या, स्वरयंत्राच्या कॅन्सरचे उपचार चालू होते. गाठ किती वेगाने वाढतेय हे कळावं म्हणून त्यांना ब्रोमोडीऑक्सियुरिडिन नावाचं द्रव्य शिरेतून दिलं होतं. पेशी विभागण्याआधी डीएनएची नवी प्रत काढते, तेव्हा हे द्रव्य त्या प्रतीत जाऊन बसतं आणि तिथेच राहतं. पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज या शास्त्रज्ञांनी विचार केला, की रक्तातून गेलेलं द्रव्य गाठीपाशी थांबलेलं नसणार, मेंदूतही पोचलं असणार. मृत्यूनंतर मेंदू तपासायला रुग्णांनी संमती दिली. कुणी इंजेक्शननंतर काही आठवड्यांत गेले, कुणी दोन वर्षांनी. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी साठवायला मदत करणाऱ्या भागात, ती खूण असलेले न्यूरॉन सापडले आणि १९९८ साली निबंध छापून आला.

उंदरांमध्ये हे खूप आधी दिसलं होतं. जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये किरणोत्सारी थायमिडिन (हेही नव्या डीएनएत जाऊन बसतं) वापरून १९६५ साली तसं लिहूनही ठेवलं होतं. पुढची कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. दास हे आपल्याकडचं नाव इतक्या मोठ्या शोधात आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी ब्रेन ट्यूमरच्या पेशींवर काम करते. मूळची मिरजेची, त्यामुळे हॉस्पिटलचा वास आणि व्हरांड्यात डबे घेऊन बसलेले नातेवाईक हे लहानपणापासून बघितलेलं. ‘नवे न्यूरॉन’ आणि ‘मेंदूतली गाठ’ हे दोन वेगळे विषय आहेत असं लोक धरून चालतात. माझ्या टेबलावर ते एकाच डिशमध्ये असतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

ऑपरेशन थिएटरमधून फोन आला की बर्फाचा डबा घेऊन खाली जायचं. ग्लायोब्लास्टोमाचा, म्हणजे मोठ्यांच्या मेंदूतल्या अतिशय घातक गाठीचा, तुकडा एकसारखा कधीच नसतो. एका बाजूला करडा-गुलाबी, मऊ. मध्ये पिवळसर, मेलेला भाग. कडेला गोठलेलं रक्त. पॅथॉलॉजीला हवा तेवढा भाग आधी जातो, उरलेला मला मिळतो. पिवळा भाग बाजूला काढून बाकीचा ब्लेडने अगदी बारीक करायचा, एन्झाइममध्ये ३७ अंशांवर ठेवायचा, मग पिपेटने हळूहळू वरखाली करत पेशी सुट्या करायच्या. इथे घाई केली की पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए बाहेर येऊन सगळं चिकट होतं. सुट्या झालेल्या पेशी सीरम नसलेल्या माध्यमात ठेवायच्या, त्यात ईजीएफ आणि एफजीएफ ही वाढीची दोन प्रथिनं घालायची. बहुतेक पेशी मरतात. काही दिवसांनी मायक्रोस्कोपखाली तळाला न चिकटता तरंगणारे छोटे गोल पुंजके दिसू लागतात. हे पुंजके गाठीतल्या स्टेम सेलसारख्या पेशींचे. स्टेम सेल म्हणजे विभागत राहून नव्या पेशी देणारी मूळ पेशी.

ही कृती मुळात गाठीसाठी नव्हती. ब्रेंट रेनल्ड्स आणि सॅम्युअल वाइस यांनी कॅनडातल्या कॅलगरीला १९९२ साली प्रौढ उंदराच्या निरोगी मेंदूतल्या पेशी ईजीएफ घालून वाढवल्या आणि त्यांतून नवे न्यूरॉन निघतात हे दाखवलं. पुढे दहा-एक वर्षांनी टोरांटोमध्ये पीटर डर्क्स यांच्या लॅबने माणसाच्या ट्यूमरच्या पेशी याच पद्धतीने वाढवल्या. निरोगी मेंदूत नवा न्यूरॉन देणारी पेशी आणि गाठ पोसणारी पेशी एकाच खाण्यावर जगते, हे मी पहिल्यांदा स्वतःच्या डिशमध्ये पाहिलं तेव्हापासून या विषयाने मला धरून ठेवलंय.

मग २०१८ साली दक्षिण कोरियातून जंग हो ली यांच्या गटाचं काम आलं. मेंदूत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या भिंतीलगत स्टेम सेलचा पातळ थर असतो. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांमध्ये गाठीपासून लांब असलेल्या या थरातला, दिसायला निरोगी असा तुकडा त्यांनी तपासला. १६ पैकी ९ रुग्णांमध्ये गाठीत असलेलेच बिघाड त्या थरात अगदी थोड्या पेशींमध्ये सापडले. टर्ट, ईजीएफआर, पीटेन आणि बिघडलेल्या पेशीला विभागण्यापासून रोखणारा पी-५३ या जीनमधले. बिघाड झालेली पेशी या भिंतीतून निघते, लांब जाऊन बसते आणि तिथे गाठ होते, असा त्यांचा निष्कर्ष. उंदरांमध्येही त्यांनी तसं घडवून दाखवलं. सर्जनने गाठ पूर्ण काढली तरी आजार परत का येतो, याचं एक उत्तर कदाचित या भिंतीत आहे.

आता डीएनए तुटण्याबद्दल. माझं खरं काम याच्यावर आहे.

पेशी विभागते तेव्हा तिला ६०० कोटी अक्षरांची प्रत काढायची असते. त्यात डीएनए तुटतो आणि पेशी तो सांधते, हे रोजचंच आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की त्या जागेभोवती एच-टू-ए-एक्स नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं आणि त्याला धरणारी अँटिबॉडी मिळते. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर स्लाइड लावली की निळं केंद्रक आणि त्यात हिरवे ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे साधारण एक तुटलेली जागा. निरोगी पेशीला थोडं रेडिएशन दिलं की ठिपके उगवतात आणि काही तासांत बरेचसे विझतात. माझ्या ट्यूमरच्या पेशींत मी काहीही केलेलं नसताना ठिपके असतात, आणि रेडिएशननंतरचे काही विझतच नाहीत. तशा अवस्थेतही ती पेशी विभागत राहते. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास हे ठिपके मोजताना मला अजून कंटाळा आलेला नाही.

कुठे तुटतं हेही मनाला येईल तसं नसतं. बोस्टनमध्ये फ्रेडरिक आल्ट यांच्या गटाने २०१६ साली उंदराच्या न्यूरॉन देणाऱ्या पेशींत पाहिलं, की तुटण्याच्या जागा २७ जीनमध्ये गर्दी करतात. हे जीन खूप लांब आहेत आणि त्यांतले बहुतेक न्यूरॉन एकमेकांना जोडण्याच्या कामाचे. लांब जीन वाचला जात असतानाच त्याची प्रत काढायची वेळ येते आणि दोन यंत्रणा एकमेकांवर आदळतात, असं कारण दिलं जातं. म्हणजे मेंदू घडवणारे जीनच पेशीला महागात पडणारे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मुलांमध्ये हीच गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. लहान मेंदूतल्या (डोक्याच्या मागच्या बाजूच्या, तोल सांभाळणाऱ्या भागातल्या) ग्रॅन्युल नावाच्या पेशी जन्मानंतरही कित्येक महिने भराभर वाढत असतात. मेड्युलोब्लास्टोमा या मुलांमधल्या घातक गाठीचा एक प्रकार त्यांच्यातूनच येतो. पीटर मॅकिनन यांच्या लॅबने अमेरिकेतल्या मेम्फिसला उंदरांच्या मेंदूतून डीएनए सांधणारा एक जीन आणि सोबत पी-५३ काढून टाकला, तेव्हा त्या उंदरांना मेड्युलोब्लास्टोमा झाला. आणि २०१२ साली हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी पी-५३ मधला दोष जन्मतःच असलेल्या एका लहान रुग्णाच्या गाठीचा पूर्ण जीनोम वाचला. काचेची बांगडी फुटावी आणि तुकडे भलत्याच क्रमाने चिकटवावेत तशी काही गुणसूत्रं एकाच झटक्यात फुटून जोडली गेली होती. इतर रुग्ण तपासल्यावर पी-५३ बिघडलेल्या त्या प्रकारच्या गाठींत हे पुन्हा पुन्हा आढळलं. याचा थेट उपयोग आहे: अशा मुलांना रेडिएशनमुळे पुढे दुसरा कॅन्सर होण्याची भीती जास्त असते, आणि घरातल्या इतरांचीही तपासणी करावी लागते. म्हणून त्या प्रकारच्या मेड्युलोब्लास्टोमात आता पी-५३ पाहणं हा निदानाचाच भाग झालाय.

उपचारसुद्धा डीएनए तोडूनच करायचा असतो. ग्लायोब्लास्टोमाला सहा आठवडे रेडिएशन, एकूण ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक), आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ साली आलेल्या मोठ्या चाचणीत या गोळ्यांमुळे दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. एमजीएमटी नावाचा दुरुस्तीचा जीन ज्यांच्या गाठीत बंद पडलेला असतो, त्यांना गोळ्यांचा फायदा जास्त होतो, कारण पेशीला नुकसान सांधता येत नाही.

पण रेडिएशन हिप्पोकॅम्पसच्या स्टेम सेलनाही सोडत नाही. मिशेल मोंजे आणि थिओ पामर यांनी २००२ साली उंदीरवर्गीय प्राण्यांत दाखवलं, की रेडिएशननंतर नवे न्यूरॉन जवळजवळ थांबतात. फॉलोअपला आलेल्या एका आजोबांची मुलगी मला म्हणाली होती, “बाबांना जुने अभंग सगळे पाठ आहेत हो, पण सकाळी चहा झाला की नाही हे आठवत नाही.” विसरण्याला कारणं अनेक असतात, सगळं नव्या न्यूरॉनवर ढकलता येणार नाही. तरी कॅन्सर शरीरात दुसरीकडून मेंदूत पसरलेल्या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस वाचवून रेडिएशन दिलं, तेव्हा स्मरण आणि विचारशक्तीचं नुकसान कमी झालं. ती चाचणी २०२० साली छापून आली. मला ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात माणुसकीची सुधारणा वाटते.

माणसात हे न्यूरॉन खरंच तयार होतात का, यावर २०१८ मध्ये मोठा वाद झाला. एका गटाला प्रौढांत एकही सापडला नाही, दुसऱ्याला म्हाताऱ्यांतही सापडले. पुढच्या वर्षी माद्रिदच्या गटाने दाखवलं, की मेंदूचा तुकडा फॉर्मॅलिनसारख्या द्रव्यात जास्त वेळ राहिला तर कोवळ्या न्यूरॉनची खूण पुसली जाते. ज्याने आयुष्यभर टिश्यू हाताळलाय त्याला हे लगेच पटेल. २०२५ साली स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने एकेका केंद्रकाचा आरएनए वाचून प्रौढ हिप्पोकॅम्पसमध्ये विभागणाऱ्या पेशी दाखवल्या, काही जणांत पुष्कळ, काही जणांत जवळजवळ नाहीच. माझं मत याच बाजूचं आहे: त्या आहेत, पण माणसामाणसांत फरक खूप.

या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी दिलेला टिश्यू आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमाचे प्रकार ओळखायची चाचणी साध्या पॅराफिन ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या टिश्यूवर, बसवली. फ्रिजरमधला ताजा टिश्यू आपल्याकडे दर ठिकाणी कुठून मिळणार? ब्लॉक मात्र प्रत्येक पॅथॉलॉजीच्या कपाटात असतात. बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत डॉ. शंकर यांनी उभी केलेली ब्रेन बँक आहे. तिथे मृत्यूनंतर मेंदू देता येतो, हे किती जणांना माहीत आहे?

संमतीचा फॉर्म घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, यातून आमच्या पेशंटला काय फायदा?” मी खरं तेच सांगते, “काका, तुमच्या पेशंटला नाही होणार.” काही जण फॉर्म परत देतात, तो त्यांचा हक्क आहे. सोलापूरकडच्या एक आजी शांतपणे ऐकून म्हणाल्या होत्या, “न्हाई तरी टाकूनच देनार ना ते? मग ठिवा की. दुसऱ्याच्या लेकराला तरी.”

तुमच्या घरी अशी वेळ आली तर फॉर्म पूर्ण वाचून घ्या, मराठीत समजावून मागा. निदानाला लागणाऱ्या तपासण्या आधी होतील ना, उरलेलंच संशोधनाला जाईल ना, नाव झाकलेलं राहील ना, पुढे नको वाटलं तर संमती मागे घेता येईल ना, हे विचारा. मोठ्यांच्या गाठीत तिचा प्रकार ठरवायला लागणारा आयडीएच जीन आणि एमजीएमटी पाहिलं का, मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमात प्रकार आणि पी-५३ पाहिलं का, तेही विचारा. रिपोर्टसोबत ब्लॉकचा नंबर लिहून घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. दुसरं मत घ्यायला गेलात की तिथले डॉक्टर स्लाइड आणि ब्लॉक आधी मागतात.