पंधरा पाकिटं

एप्रिलची 9 तारीख. दर महिन्याच्या 9 तारखेला आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायांची तपासणी असते, पण एप्रिलमध्ये ओटा पुरत नाही. बीडच्या आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या तोवर गावी परतलेल्या असतात.

त्यातल्या एकीचा आठवा महिना सरत आला होता. डोळ्याची खालची पापणी ओढली तर आतून कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन 7.6. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणायचं. 7 च्या खाली म्हणजे जिवाशी गाठ.

मी चिडले. ऑक्टोबरात टोळी निघाली तेव्हा तिला तिसरा महिना होता. चौथा लागला की रोज एक घे, असं बजावून लोहाच्या लाल गोळ्यांची पंधरा पाकिटं मीच दिली होती. "बाळ काळं होतं म्हणून उकिरड्यावर टाकल्या असशील!" चार बायांसमोर बोलले.

ती काही बोलली नाही. सासूनं पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. चौदा पाकिटं रिकामी, पंधराव्यात सहा गोळ्या शिल्लक. मी मनातल्या मनात दिवस मोजले. बरोबर भरले.

"एक बी चुकवली न्हाई, सिस्टर."

शौचाला काळी होते का, तिला विचारलं. पहिल्या दिवसापासून, म्हणाली. म्हणजे गोळी पोटात जात होती. मग रक्तात का नाही?

"घेतीस कशी?"

"पहाटं चारला फडात जायच्या आधी. कोऱ्या चहासंगं. ती पांढरी बी तवाच."

पांढरी म्हणजे कॅल्शियम. चहा लोहाला अडवतो, कॅल्शियमही अडवतं. लोहाच्या गोळीत आणि या दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. आणि लाल-पांढऱ्या गोळ्या एकाच पिशवीत बांधून "रोज घे" म्हणणारी मीच. रजिस्टरमध्ये माझं वाटप शंभर टक्के होतं. त्या रकान्यात पोटात काय झालं ते लिहायला जागा नसते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. दिवस भरत आलेले, गोळ्यांवर विसंबायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथं सलाईनमधून आयर्न सुक्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं लोह, दिवसाआड 200 मिलीग्रॅम, असे पाच डोस झाले. बाळंतपणाच्या आधी 9.4 वर आली. रक्त चढवावं लागलं नाही. मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा सासूनं कोराच चहा पुढं केला. प्यायले, काय करणार.

त्या ऑक्टोबरात मी पुड्या वेगळ्या बांधल्या. पांढरीवर सूर्य काढला. लालवर चंद्र, शेजारी कपबशी आणि तिच्यावर फुली. चित्रांवर मी खूश होते. निघायच्या आदल्या दिवशी एका बाईनं चंद्रावर बोट ठेवलं.

"रातच्याला ऊस भरायला गाडी कवाबी येती, सिस्टर. जेवायचाच पत्ता नसतो, गोळी कवा ध्यानात राहणार?"

मग तिलाच विचारलं, रोज नक्की बसून खातेस ते कधी? दुपारी फडातच, म्हणाली. भाकरी असते, चहा नसतो.

चंद्र खोडला आणि भाकरी काढली.