चकली हसली तेव्हा

मागच्या दिवाळीत मी पहिल्यांदाच चकलीच्या ऑर्डरी घेतल्या. भाजणी आईच्या मापाची: 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 मूग डाळ, अर्धी उडीद डाळ, वर धणे-जिरे. पहिला घाणा तेलात सोडला आणि चकली हसली, म्हणजे कढईत नुसता चुरा.

नेमक्या मामेसासूबाई ओट्याशी उभ्या. "मी म्हटलंच होतं. हल्ली सगळं विकत मिळतं, तुझी चकली कोण घेणार?" त्यांचा हा सूर जुनाच. आमच्या लग्नातल्या जिलबीलाही "ओली आहे" म्हणून त्यांनी नावं ठेवली होती. पाकातली जिलबी कोरडी कशी असेल, देव जाणे!

वास आला म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. चुऱ्यातलाच एक तुकडा तोंडात टाकला. "चव झकास जमलीय गं. मोहनाचं तेल तेवढं जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मिसळ आणि नीट मळून घे." एवढं बोलून पदर खोचला, सोऱ्या हातात घेतला. दुसऱ्या घाण्याला काटा असा आला, की बोटाला टोचावा.

मामींशी मी वाद घातला नाही. त्यांना चकल्यांचं तेल टिपायला बसवलं. टिपता टिपता सात खाल्ल्या त्यांनी. "तिखट कमीच पडलं," म्हणाल्या.

परवा शेजारची मुलगी तिच्या पहिल्या शंकरपाळ्या घेऊन आली. दगड झाल्या होत्या. मी आधी विचारलं, "वेलची ताजी कुटलीस ना? काय सुंदर वास येतोय!"