चाफा, चंदन, वाळा: परफ्यूम निवडतानाचा माझा अनुभव

रोज ऑफिसला लावता येईल असा परफ्यूम मला हवा होता. मुंबईच्या उकाड्यात, भरलेल्या लोकलमध्ये शेजारच्या बाईला तो नकोसा होऊ नये आणि संध्याकाळपर्यंत माझा मलाही आवडत राहावा, एवढीच अट. दुकानात विचारलं की 'लाँग लास्टिंग आहे', 'खूप चालतो' अशी उत्तरं मिळतात. त्यावरून वासाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून खरेदीला निघण्याआधी मी सुगंधांची घराणी समजून घेतली, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

सुगंधतज्ज्ञ मायकल एडवर्ड्स यांनी १९९२ मध्ये सुगंधांचं एक चक्र मांडलं. त्यात मुख्य घराणी चार: फ्लोरल, अंबर (याला आधी ओरिएंटल म्हणायचे), वुडी आणि फ्रेश. चक्रात शेजारी असलेली घराणी एकमेकांत मिसळतात. मी ती ओळखीच्या वासांवरून लक्षात ठेवली. मोगरा, जाई, सोनचाफा म्हणजे फ्लोरल. लोबान, व्हॅनिला, दालचिनी म्हणजे अंबर. चंदन, देवदार, वाळा आणि पाच (पॅचुली) हे वुडी. लिंबाची साल, पुदिना, गवती चहा हे फ्रेश. जोतिबाला वाहतात तो दवणा मात्र कुठे बसवायचा, यात मी बराच वेळ रमले. त्याच्या ताज्या काडीला हिरवट, कडसर वास असतो, पण तेलात पिकल्या फळाचा गोडवा उतरतो. हे तेल परदेशी परफ्यूममध्येही वापरतात, हे वाचून फार बरं वाटलं.

मग मला आवडणारे वास कागदावर लिहिले: माठातला वाळा, सहाणेवर उगाळलेलं चंदन, पहिल्या पावसाची माती, मोसंबीची साल. मोगऱ्याचा गजरा मला प्रिय आहे, पण बाटलीतला मोगरा दिवसभर अंगावर सोसवत नाही. म्हणजे माझं घराणं वुडी, फ्रेशकडे झुकणारं.

दुकानात तेवढंच मागितलं. कागदी पट्ट्यांवर फवारा मारून प्रत्येकीवर लगेच नाव लिहिलं, नाहीतर नंतर काहीच आठवत नाही. तीन-चार वासांनंतर नाक थकतं. तेव्हा दुकानातल्या कॉफीच्या बियांपेक्षा बाहेर येऊन स्वतःची बाही हुंगणं बरं पडतं. पहिल्या मिनिटाच्या वासावर विकत घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगेन. लिंबूवर्गातले रेणू हलके असतात, ते आधी उडून जातात. लाकूड, राळ, व्हॅनिला जड असल्यामुळे मागे राहतात आणि आपल्याला दिवस काढायचा असतो तो त्यांच्याबरोबर.

आवडलेले दोन परफ्यूम दोन मनगटांवर लावले आणि काहीही न घेता बाहेर पडले. डाव्या मनगटावरचा सुरुवातीला संत्र्यासारखा तजेलदार होता, दुपारी मात्र नुसता साखरेचा गोडवा उरला. खोक्यावर 'फ्रेश' लिहिलेलं असलं तरी त्याचा पाया अंबरचा होता. उजवीकडे वाळा होता. आधी पपनसाच्या सालीचा कडसरपणा, तासाभराने ओल्या मुळांचा मातकट वास, त्यात धुराची अगदी पुसट रेघ. संध्याकाळी तो मनगट नाकाजवळ नेल्यावरच जाणवत होता. मला हवा होता तो हाच.

तरी अत्तर बघितल्याशिवाय राहवेना, म्हणून मोहम्मद अली रोडला गेले. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, वाळ्याची मुळं उकळतात आणि वाफ भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या भांड्यात, उतरवतात. तांब्यामुळे रूह खसला (वाळ्याच्या शुद्ध तेलाला) हिरवट झाक येते. पारंपरिक अत्तराचा पाया चंदनाच्या तेलाचा असतो. स्वस्त अत्तरात त्याऐवजी लिक्विड पॅराफिन असू शकतं, म्हणून पाया कशाचा ते आवर्जून विचारावं. अत्तरात अल्कोहोल नसतं, त्यामुळे वास दूर पसरत नाही, अंगाशीच राहतो. खसची एक लहान कुपी घरासाठी घेतली. ऑफिससाठी तो उजव्या मनगटावरचा परफ्यूम, तोही सर्वांत छोट्या बाटलीत. बाटली कपाटात ठेवते, कारण ऊन आणि उष्णतेने वास बिघडतो.

आता मावसबहिणीला लग्नासाठी परफ्यूम हवाय. तिला मोगरा आवडतो आणि मसाला दूधही. म्हणजे फ्लोरल आणि अंबरच्या मधलं काहीतरी. दुकानात तेवढंच मागायचं आणि लावून दिवसभर हिंडायचं, असं आमचं ठरलंय.