डिस्कस अबाउट म्हणणाऱ्यांची बाजू

इंग्रजी क्रियापदांचं एक बरं असतं, अर्थ एकदा कळला की कळला. पण त्यांच्या मागे ऑन लावायचं की ॲट, फॉर की टू, की काहीच लावायचं नाही, इथे भल्याभल्यांची गाडी अडते. वर्षानुवर्षं इंग्रजीत काम करणारा माणूससुद्धा मेल पाठवायच्या आधी क्षणभर थांबतो, कॉन्सन्ट्रेट इन की कॉन्सन्ट्रेट ऑन, मग गुपचूप दुसऱ्या टॅबमध्ये सर्च करून येतो. आणि गंमत म्हणजे चुकलं तरी कुणाचं काही अडत नाही. 'आय ॲम वेटिंग यू' म्हटलं तरी समोरच्याला कळतंच की हा वाट बघतोय. फक्त त्याला हेही कळतं की इंग्रजी ही याची घरची भाषा नाही.

या सगळ्यात सगळ्यात जास्त बोलणी कुणी खाल्ली असतील तर ती डिस्कस अबाउटने. डिस्कसमध्येच अबाउट आलं, वेगळं कशाला लावता, असं ठरलेलं उत्तर मिळतं. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. मग टॉकमध्ये अबाउट का नाही आलं? स्पीकमध्ये, थिंकमध्ये का नाही? आणि डिस्कशन म्हटलं की तेच अबाउट एकदम चालायला लागतं, 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन' अगदी शुद्ध. रिक्वेस्टचं पण तेच. 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प' बरोबर, 'आय रिक्वेस्ट फॉर हेल्प' चूक. डिमांड फॉर, ॲटॅक ऑन, एम्फसिस ऑन, लॅक ऑफ, ही सगळी मंडळी नाम असली की प्रीपोझिशन घेऊन येतात आणि क्रियापद झाली की हात झटकून मोकळी होतात.

आता आपण मराठीत काय बोलतो बघा. चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, हल्ला करणे, प्रवेश करणे, लग्न करणे. सगळीकडे एक नाम आणि त्याला जोडलेलं करणे. म्हणजे आपल्या डोक्यात ही क्रिया मुळात नाम म्हणूनच बसलेली आहे, आणि नाम म्हटलं की त्याच्यासोबत बद्दल, वर, शी हे सगळं आपोआप येतं. त्याच्याबद्दल चर्चा केली, तिच्याशी लग्न केलं, त्यांच्यावर हल्ला केला. इंग्रजी बोलताना आपण डिस्कस म्हणतो पण मनात चर्चा असते, म्हणून अबाउट येतं. मॅरी विथ तसंच येतं, ॲटॅक ऑन हिम तसंच येतं. म्हणजे ज्याला निष्काळजीपणा म्हणून हिणवलं जातं तिथे खरं तर डोकं अगदी नियमाने चाललेलं असतं, फक्त नियम दुसऱ्या भाषेचा असतो. एन्टरच्या बाबतीत तर इंग्रजीने स्वतःच घोळ घालून ठेवलाय, खोलीत शिरताना नुसतं एन्टर आणि करार करताना मात्र एन्टर इन्टू, मग एखाद्याने खोलीतही एन्टर इन्टू केलं तर त्याला किती दोष द्यायचा.

हे सगळं नुसतं पाठांतर आहे असं पण नाही हां. काही ठिकाणी त्या एवढ्याशा शब्दात खरंच अर्थ असतो आणि तो कळला की मजा येते. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याने झेलावा म्हणून टाकलेला बॉल, आणि 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून मारलेला. शाउट टू म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडणं, शाउट ॲट म्हणजे अंगावर ओरडणं. ॲट आलं की कुणीतरी नेम धरलाय असं समजावं. पॉइंट ॲट, एम ॲट, लाफ ॲट, सगळीकडे समोरचा बिचारा टार्गेट.

विथची कथा तर अजून वेगळी. जुन्या इंग्रजीत विथचा अर्थ मुख्यतः विरुद्ध असा होता, सोबत हा अर्थ नंतर पुढे आला. तो जुना अर्थ अजून विथस्टँडमध्ये जिवंत आहे, आणि फाइट विथमध्ये पण. म्हणूनच 'ही फॉट विथ देम' एवढ्याच वाक्यावरून हा त्यांच्याशी भांडला की त्यांच्या बाजूने लढला हे कळत नाही, पुढचं-मागचं वाचावं लागतं. मराठीत शी आणि सोबत असे दोन वेगळे शब्द असल्यामुळे आपली यातून सुटका झालीय.

तशी आपली भाषा पण काही कमी नाही, आपल्याला ते जाणवत नाही एवढंच. मी त्याला भेटलो, पण त्याच्याशी बोललो. त्याला विचारलं, त्याला घाबरलो, त्याच्यावर चिडलो, त्याच्यावर प्रेम केलं. चिडायला आणि प्रेम करायला एकच वर का, याचं उत्तर द्या बघू. शेजारच्या हिंदीत भेटणं, विचारणं, घाबरणं, बोलणं सगळं एकाच से मध्ये उरकतं, त्यामुळे हिंदीभाषक मराठी शिकायला लागला की ला आणि शी मध्ये असाच अडकतो जसे आपण टू आणि विथमध्ये. तेव्हा आपण हसतो आणि 'असं नसतं म्हणत' एवढंच सांगतो, का नसतं ते आपल्यालाही माहीत नसतं.

मेलच्या शेवटी लिहितात ते 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' मात्र सुधारायला हवं असं माझं मत आहे, कारण तिथे टू बघून आपण फसतो. टू गो, टू ईट मधला टू वेगळा आणि हा वेगळा. हा खराखुरा प्रीपोझिशन आहे, त्याच्यापुढे नाम तरी हवं नाहीतर आयएनजी, म्हणून टू मीटिंग यू. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्या जागी एखादं साधं नाम टाकून बघायचं. 'लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग' चालतं ना, मग तो प्रीपोझिशनच.

प्रश्न विचारताना तर शेवटचा शब्द हमखास गळतो. 'व्हॉट आर यू लुकिंग?' असं ऐकू येतं, ॲट गायब. मराठीत क्रियापदावर वाक्य संपलं की संपलं, त्याच्यापुढे अजून एक शब्द लोंबकळत ठेवायची आपल्याला सवयच नाही. पण ही अडचण एकट्या आपली नाही, खुद्द इंग्रजांनाही ते लोंबकळणं खुपलेलं आहे. जॉन ड्रायडन या इंग्रज कवी-नाटककाराने 1672 मध्ये बेन जॉन्सनसारख्या मोठ्या नाटककाराची वाक्यं काढून दाखवली, की बघा हा प्रीपोझिशन शेवटी ठेवतो, आणि नंतर स्वतःच्या जुन्या लिखाणातली तशी वाक्यं पण फिरवून घेतली. त्यातून पुढे शाळांमध्ये नियमच झाला की वाक्य प्रीपोझिशनवर संपवायचं नाही. कित्येक पिढ्यांनी तो घोकला, आणि बोलताना एकानेही पाळला नाही. आता तर इंग्रजीचे जाणकारच सांगतात की शेवटी ठेवा, खुशाल ठेवा, फक्त गाळू नका.