रॅशनेलचा रकाना

जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमध्ये मी नापास झाले. बाकीचे विषय सुटले, हा एकच राहिला. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली मी. कॉलेजात शिकवणं इंग्रजीत, वॉर्डात बोलणं जास्त करून कन्नडमध्ये आणि डोक्यातला विचार मात्र मराठीत. गाईडमधली उत्तरं तोंडपाठ होती. पण प्रॅक्टिकलला केअर प्लॅनमधला, म्हणजे पेशंटच्या देखभालीच्या लेखी आराखड्यातला, एक रकाना कोरा राहिला, 'रॅशनेल'चा. म्हणजे पेशंटसाठी आपण जे करणार, ते का करणार, हे लिहायचा.

पुढच्या परीक्षेपर्यंत हातात काही महिने होते आणि पोस्टिंग सर्जिकल वॉर्डात लागलं. तिथं चिकोडीकडचे एक काका होते. उसाच्या ट्रॉलीवरून पडून उजव्या बाजूच्या बरगड्या मोडलेल्या, छातीत रक्तही साठलेलं आणि हवाही. ते बाहेर काढायला छातीत आयसीडीची नळी घातली होती, तिचं दुसरं टोक खाटेखालच्या पाणी भरलेल्या बाटलीत. रोज सकाळी बाटलीवरच्या पट्टीवर खूण करायची आणि किती एमएल आलं ते चार्टवर लिहायचं, एवढंच मी करत होते.

एकदा काकांनीच विचारलं, "सिस्टर, नळीतलं पाणी वरखाली हलूलालंय की. काय बिघडलं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकातली ओळ आठवली, पण काकांना सांगता येईल असं त्यात काहीच नव्हतं. ड्यूटीवरच्या सीनियर सिस्टरनी ते ऐकलं. त्यांनी मला बाटलीसमोर फरशीवरच बसवलं. "काकांची छाती बघ आणि पाणी बघ. दोन्हीकडे एकदम बघ." मी बघत राहिले. काका श्वास घेतात, नळीतलं पाणी वर चढतं. श्वास सोडतात, खाली उतरतं. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधल्या फटीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, श्वास घेताना तो आणखी कमी होतो, म्हणून पाणी ओढलं जातं. नळीचं टोक पाण्यात साधारण 2 सेंमी बुडालेलं असतं. छातीतली हवा बुडबुडा होऊन बाहेर पडते, पण परत आत शिरायला तिला वाट नाही, कारण मध्ये पाणी आहे. पाणी हलायचं थांबलं तर आधी बघायचं की नळी कुठं मुडपली आहे का, पेशंटच्या अंगाखाली आली आहे का, रक्ताची गाठ अडकली आहे का. यातलं काहीच नसेल, तर फुप्फुस पूर्ण फुललेलं असू शकतं. आणि बुडबुडे न थांबता सारखे येत असतील, तर फुप्फुसातून किंवा नळीच्या जोडातून हवा गळते आहे, लगेच कळवायचं.

दुसऱ्या दिवशी काकांना एक्स-रेला नेताना कुणीतरी बाटली उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. मी धावत जाऊन ती खाली घेतली. बाटली छातीच्या वर गेली तर पाणी उलटं छातीत जाणार, हे मला आता दिसत होतं. सोबतचा म्हणाला, मग नळीला चिमटा लावून नेऊ. मी म्हणाले, तेही नको. आत हवा साठत असताना तिची वाट बंद केली तर ती फुप्फुसावर आणि हृदयावर दाब आणणार. अशी आपल्या आपण दोन कारणं मी पहिल्यांदाच सांगितली. त्या रात्री होस्टेलवर ती मराठीत वहीत लिहिली, मग इंग्रजीत केली.

पुढे तीच सवय लागली. आधी मराठीत 'का', मग इंग्रजी शब्द. आपल्या भागातल्या मुलींना मी हेच मनापासून सांगते, इंग्रजी वाक्यापासून सुरुवात करू नका.

निपाणीकडचे एक आजोबा होते, आयुष्यभर विडी ओढून छाती कामातून गेलेली. मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 90 टक्के. मुलगा सारखा म्हणायचा, वाढवा की जरा. आधी मी वाढवलाही असता. पण अशा काही पेशंटांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून राहिलेला असतो. ऑक्सिजन जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो, माणूस गुंगीत जातो. त्यांच्यासाठी 88 ते 92 हेच लक्ष्य. हे मी त्या मुलाला शांतपणे समजावलं आणि त्याला ते पटलं.

सलाईनचं गणित हातानंच बसलं. 500 एमएल 4 तासांत, सेट 20 थेंबांचा, म्हणजे 20 थेंबांचा एक एमएल: 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. पंधरा सेकंदांत दहा-अकरा. घड्याळ धरून मोजलं की विसरायला होत नाही.

परीक्षेत मला कन्नड बोलणारी एक आजी मिळाली. डायबेटिस, तळपायाला खोल जखम. मी जवळ बसून विचारलं, "एल्लि नोवैत्री, अज्जी?" कुठं दुखतंय? आजी म्हणाल्या, "नोवु इल्ल." दुखतच नाही. शेतात काटा रुतला होता, तो कधी रुतला तेही त्यांना कळलं नव्हतं. पाय उचलून बघितला. जखमेत बोट जाईल एवढा खड्डा, आणि आजी माझ्याकडे बघून हसत होत्या.

साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्या, म्हणून दुखणं कळत नाही, म्हणून रोज पाय डोळ्यांनी तपासायचे, तळवे बघायला आरसा किंवा घरचं माणूस, अनवाणी चालायचं नाही, गरम पाण्यात पाय घालण्याआधी पाणी कोपरानं बघायचं. रकाना भरत गेला.

बाहेरून आलेल्या मॅडमनी तोंडी परीक्षेत इन्सुलिनवर विचारलं. बाटली 40 ची, म्हणजे एका एमएलमध्ये 40 युनिट, डोस 20 युनिट, सिरिंज कुठली? मी म्हटलं, लाल टोपीची, 40 चीच. 100 ची, केशरी टोपीची घेऊन 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर आजींना फक्त 8 युनिट जातील. साखर उतरणार नाही, आणि आपल्याला वाटेल औषध लागू पडत नाही.

मग त्यांनी माझा केअर प्लॅन हातात घेतला आणि रॅशनेलच्या रकान्यावर बोट ठेवून वरपासून वाचू लागल्या. पहिली ओळ आजींचीच होती: पेशंट म्हणते दुखत नाही, म्हणूनच जास्त जपायचं. निकालाला विषय सुटला.