मास्टरमाइंड आधी आत, आरोपी नंतर सापडला

रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या खुनावर टूर घेतली की टिळकांच्या केसरीवाड्यात एक प्रश्न येतोच येतो. "म्हणजे कट इथेच शिजला ना?" मग मला सांगावं लागतं की अहो खून झाला १८९७ ला, टिळकांनी हा वाडा, तेव्हाचा गायकवाड वाडा, घेतला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९०५ च्या आसपास, खुनाच्या वेळी ते सदाशिव पेठेत विंचूरकर वाड्यात भाड्याने राहत होते. लोकांचा एकदम मूड जातो, काही जण तर फोन खिशात घालतात, फोटोच नको.

मी पुण्यात हेरिटेज टूर घेतो. टेम्पो ट्रॅव्हलर, दहा-बारा माणसं, ससून, पेठा, गणेशखिंड आणि शेवटी मिसळ. एरवी लोक ऐकतात, सेल्फी काढतात, मिसळीला तर्री कमी म्हणून मलाच ऐकवतात आणि घरी जातात. पण मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारी जी बॅच आली होती ती आयुष्यात विसरणार नाही.

एक काका होते, रिटायर्ड पोलीस अधिकारी, निम्मी सर्व्हिस मुंबईत क्राईमला काढलेली. एक काकू, माहेर सदाशिव पेठ, हल्ली बावधनला, पण बोलताना पेठ सोडलेली नाही. आणि हिंजवडीतला एक आयटीवाला मुलगा, सगळं वाचून आलेला, मोबाईलमध्ये नोट्स काढलेल्या. बाकी लोक बिचारे पुणे बघायला आले होते.

गणेशखिंड रोडला थांबलो. आता तिथे मेट्रोचे खांब आणि हॉर्न, उभं राहून बोलायचं म्हणजे घसा फाडायचा. तरी मी नेहमीसारखी सुरुवात केली, २२ जून १८९७, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून गव्हर्नमेंट हाऊसला म्हणजे आत्ताच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत पार्टी, प्लेगच्या कमिटीवरचा रँड तिथे गेलेला, ज्याच्या सोल्जरांनी मार्च ते मे पुण्यात घराघरात घुसून झडत्या घेतल्या तो. दामोदर चापेकर गेटापाशी टपून बसलेला, धाकटा भाऊ बाळकृष्ण पुढे पिवळ्या बंगल्यापाशी. मध्यरात्रीच्या सुमारास रँडची बग्गी निघाली तसा दामोदर मागे धावत सुटला, बंगला आल्यावर "गोंद्या" म्हणून खुणेची हाक मारली, बग्गीचा मागचा पडदा वर केला आणि एक वीतभर अंतरावरून गोळी घातली. आता ठरलं होतं दोघांनी रँडलाच मारायचं, पण बाळकृष्ण मागे पडला, रँडची बग्गी पुढे गेली, आणि मागून येणाऱ्या बग्गीतली माणसं कुजबुजतायत असं वाटून त्याने त्यातल्या एकाच्या डोक्यात गोळी घातली. तो लेफ्टनंट आयर्स्ट. आयर्स्ट जागीच गेला, रँड ससूनमध्ये ३ जुलैला.

इथे लोक साधारण "बाप रे" म्हणतात. काका म्हणाले, "हत्यारं काय होती?"

म्हटलं पिस्तुलं, तलवारी, बाळकृष्णाकडे एक कुऱ्हाडपण.

"तलवारी वापरल्या?"

नाही, पळताना अडचण होईल म्हणून आधीच जवळच रस्त्याच्या एका मोरीखाली, म्हणजे छोट्या पुलाखाली, लपवून ठेवल्या.

"पळायला घोडा, टांगा, काही?"

काही नाही, पायी.

"पार्टीला जाताना का नाही मारला?"

म्हटलं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास रँडच्या बग्गीसारखी बग्गी जाताना दिसली होती पण खात्री वाटेना, म्हणून परत येईपर्यंत थांबले. काकांनी मान हलवली. म्हणाले, "आतली खबर नाही, वाहन नाही, टार्गेटची गाडी नक्की ओळखता येत नाही, दुसरा शूटर भलत्याच माणसाला मारतो. गाईडसाहेब, याच्यामागे कुणी मोठा माणूस असता ना, तर त्याने यांना कामावरून काढलं असतं."

सगळे हसले, आयटीवाला सोडून. तो म्हणाला, "काका, पण १२ जूनला शिवाजी उत्सवात टिळकांनी अफजलखानाच्या वधाचं समर्थन केलं, १५ ला केसरीत छापून आलं आणि २२ ला खून. दहा दिवसांत! कोइन्सिडन्स?"

मुद्दा चांगला होता. मला आवडला, कारण हेच इंग्रज सरकारला पण वाटलं होतं, अगदी हेच. पुण्याच्या ब्राह्मणांचा मोठा कट, मेंदू टिळक, पैसा सरदारांचा. पण एक अडचण आहे, चापेकर त्या भाषणाची वाट बघत थांबलेले नव्हतेच. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासून चपलांची माळ घातली होती, तेव्हा पुण्यात रँडही आला नव्हता आणि सोल्जरही. सुधारकांना रस्त्यात गाठून मारहाण करून झालेली. आणि दामोदरचं म्हणणंच असं की भाटासारखी शिवाजीची गाथा गात बसून स्वातंत्र्य मिळत नाही. हे कुणाला उद्देशून असेल? उत्सवात भाषणं करणाऱ्यांनाच की! ज्याचा हुकूम पाळायचा त्याच्याचबद्दल माणूस असं बोलेल का हो.

तेवढ्यात काकूंनी पत्ता टाकला. "आमचे आजोबा सांगायचे, त्या रात्री टिळकांना निरोप गेला होता, गणेशखिंडीतला गणपती नवसाला पावला म्हणून."

ही गोष्ट पुण्यात सगळ्यांनी ऐकलेली असते, फक्त निरोप नेणारा दर घरात वेगळा.

काका लगेच, "आजोबांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या वडिलांनी."

"वडील तिथे होते?"

"अहो, माझ्या आजोबांची उलटतपासणी करू नका तुम्ही!"

ड्रायव्हरने हॉर्न दिला, तिथे नो पार्किंग आहे. गाडीत बसलो तरी हे चालूच, पुढच्या सीटवरून मागे आणि मागून पुढे. मागच्या सीटवरच्या एका पोराने तर अशीही थिअरी काढली की रँडला सरकारनेच मारला, त्याला कुणी किंमत दिली नाही, मी पण नाही.

मला त्यात पडायचं नव्हतं खरं तर, गाईडने पार्टी घ्यायची नसते, पण राहवेना. म्हटलं तो निरोप गेलाही असेल, मी नाही म्हणत नाही, पण काम झाल्यावर कळवणं वेगळं आणि कामाला लावणं वेगळं. आणि या आठवणी कधी बोलल्या गेल्या ते बघा. १८९७ मध्ये "टिळकांना माहीत होतं" असं म्हणणारा माणूस एक तर पोलिसांचा खबऱ्या असता नाही तर टिळकांना फासावर द्यायला निघालेला. नंतर तेच वाक्य अभिमानाचं झालं. म्हणजे गंमत बघा, इंग्रजांना टिळकच मागे हवे होते कारण त्यांना अडकवायचं होतं, आपल्याला टिळकच मागे हवे असतात कारण आपल्याला त्यांना मोठं करायचंय. दोघांनाही एक गोष्ट पचत नाही की चिंचवडच्या एका कीर्तनकाराच्या पोरांनी हे आपलं आपण ठरवून केलं.

काका म्हणाले, "मला तारखा द्या. अटक कधी, कुणाला."

मग मी ओळीने सांगितलं. खुन्यांना पकडून देणाऱ्याला २०,००० रुपयांचं बक्षीस लागलं. शहरावर जादा पोलीस बसवले, त्याचा खर्च पुणेकरांच्याच बोडक्यावर. त्यावर केसरीत टिळकांनी सरकारचं डोकं ठिकाणावर आहे काय म्हणून विचारलं. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक, केसरीतल्या लिखाणावरून राजद्रोह. दुसऱ्या दिवशी पुण्यातले सरदार नातू बंधू आत, १८२७ चं एक जुनं रेग्युलेशन काढून, त्यात ना खटला ना आरोपपत्र. १४ सप्टेंबरला टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी, ज्युरीत सहा युरोपियन, तीन आपले, निकाल सहा विरुद्ध तीन, कोण कुठल्या बाजूला ते सांगायला नको. आणि दामोदर चापेकर हातात आला ऑक्टोबरमध्ये, चापेकरांच्याच ओळखीतल्या द्रविड बंधूंनी खबर दिल्यावर.

काका दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "थांबा थांबा. म्हणजे मास्टरमाइंड आधी आत टाकला, आणि आरोपी नंतर सापडला?"

हो.

"आणि आरोपी सापडल्यावर मास्टरमाइंडवर खुनाचा चार्ज लागला?"

नाही. कधीच नाही. आता सांगा, सरकारला टिळकांना या खुनात गुंतवायची किती हौस असेल, दामोदर ताब्यात, कबुली हातात, तपासाला ब्रुइनसारखा पोलीस अधिकारी, तरी एक धागा मिळाला नाही. मिळाला असता तर सोडला असता का? नातू बंधू तर १८९९ पर्यंत आत होते, खरे खुनी सापडले तरी सुटका नाही. हे प्रकरण मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकतं आणि टूरवर कुणी त्याबद्दल एक प्रश्न विचारत नाही.

आयटीवाला हार मानणारा नव्हता. "पण येरवड्यात टिळकांनी दामोदरचा अर्ज लिहून दिला, स्वतःची गीता दिली, ती हातात घेऊन तो १८ एप्रिल १८९८ ला फाशी गेला. हे काय मग?"

काका म्हणाले, "आरोपीचा अर्ज लिहिला म्हणून कटात घ्यायचं तर शिवाजीनगर कोर्टातले सगळे वकील आत जातील."

पण लगेच त्यांनीच दुसरी बाजू धरली, आणि इथे मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं. मिसळ आली होती समोर, त्यांनी पाव हातात तसाच धरलेला. "बाळकृष्ण किती दिवस फरार होता?" म्हटलं वर्षाच्या वर, निजामाच्या हद्दीत, १८९९ च्या सुरुवातीला सापडला. "मग तुम्ही चुकीच्या जागी खणताय सगळे. खुनाच्या आधी कोण होतं ते सोडा. फरारी माणूस हवेवर जगत नाही. त्याला भाकरी लागते, खोली लागते, कुणीतरी पैसे पाठवतं. तिथे मोठी माणसं सापडतील."

आता नंतरच्या लिखाणात असं येतंच की टिळकांनी हैदराबादकडच्या स्नेह्यांना सांगून त्याची सोय बघितली. ते सांगितल्यावर आयटीवाला टेबलावर हात आपटून "बघा!" म्हणाला आणि शेजारच्या टेबलाची तर्री सांडली. काका शांत. "अरे बाबा, ते आसरा देणं झालं. वेगळं कलम, वेगळी शिक्षा. कट नाही."

काकूंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही टिळकांना सोडवताय की छोटं करताय तेच कळत नाही मला." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, काकांकडेही नसावं, त्यांनी पाव खाल्ला.

मग बोलणं द्रविडांवर गेलं. बक्षिसापायी खबर दिली आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये चापेकरांचा तिसरा भाऊ वासुदेव आणि त्याचा साथीदार महादेव रानडे यांनी त्या द्रविडांना, पोलीस अधिकाऱ्याने बोलावलंय असं खोटं सांगून घराबाहेर काढून गोळ्या घातल्या. बरोबर साठे नावाचा शाळकरी पोरगा, त्याला वयामुळे फाशी नाही, दहा वर्षं. मे महिन्यात चार दिवसांच्या आत वासुदेव, रानडे, बाळकृष्ण, तिघांना फाशी. एका आईबापाची तीन पोरं गेली. काका म्हणाले, "हे बघा, दुसऱ्या खुनाची आखणी पहिल्यापेक्षा बरी आहे, आणि तेव्हा तर दामोदर नव्हता आणि बाळकृष्ण कोठडीत. मग त्याच्यामागे कोण होतं? एकोणीस-वीस वर्षांची पोरंच ना? ती पोरं हे करू शकतात तर थोरला भाऊ ते का नाही करू शकणार?"

आयटीवाला पहिल्यांदा गप्प बसला. दोन मिनिटंच, कारण बिल आल्यावर तो परत नोट्स उघडून बसला आणि ड्रायव्हर मला खुणा करत होता की साहेब दीड तास जास्त झाला, पुढचं भाडं आहे. जादा पैसे मी लोकांकडे मागितले नाहीत, मागायला तोंडच नव्हतं, मीच सगळ्यात जास्त बोललो होतो.

तेव्हापासून टूरचा क्रम बदललाय. आधी विंचूरकर वाडा घेतो, तारखा तिथेच सांगून टाकतो, २७ जुलै आणि ऑक्टोबर, आणि केसरीवाडा शेवटी. तरी परवा एकाने तिथे विचारलंच, कट कुठल्या खोलीत शिजला?